आटवलेलं लिंबू

ईडन प्रेरी, मिनेसोटा
दि. १४ जानेवारी २०२५

प्रिय त्र्यंबक,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक आहोत. तू, वहिनी आणि मुलंबाळं ठीक असाल असं धरून चालतो. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग तुझी सून फोन घेते आणि माझं एकेक वाक्य अंगणातून ओरडून तुला सांगते. मागच्या वेळी माझ्या पोटाची तक्रार अख्ख्या वाडीला कळली. म्हणून कागद घेतला. हे पत्र मिळालं की सुनेला फक्त "पोचलं" एवढंच कळवायला सांग. पत्र तिच्या हाती देऊ नकोस. का ते पुढे कळेल.

इथे थंडी फार. तू जहाजावरून उत्तरेकडे गेला होतास तेव्हा सांगायचास की मिशीवर बर्फ धरतं, त्या मला तेव्हा थापा वाटायच्या. आता माफ कर. घराबाहेरच्या पायरीवर बर्फ गोठून काच झालेली असते. आमचा लेक प्रितम सकाळी तिच्यावर मीठ टाकतो. मी मागून बघतो आणि तो गाडीत बसेपर्यंत माझा जीव खाली-वर होतो. गॅस बंद केला का, हेही मी चार वेळा जाऊन बघतो. इथे गॅस नाहीच, विजेची शेगडी आहे, तरी बघतो.

सूनबाईला, उपासनेला, आठवा महिना लागला. मागच्या वर्षी एकदा आशा लागून गेली, ते तुला ठाऊक आहे. त्यामुळे घरात सगळे चवड्यांवर चालल्यासारखे वागतात. प्रितम तिच्यासमोर ऑफिसातलं एक अक्षर बोलत नाही. त्यांच्या ऑफिसातून माणसं काढतायत, हे मला त्याच्या फोनवरच्या बोलण्यावरून समजलं. नोकरी गेली तर व्हिसाचं काय, हा प्रश्न आलाच. मी विचारत नाही, तो सांगत नाही.

माझा इथला सोबती म्हणजे गुरुनाथराव. नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले, मुलीकडे राहतात. माणूस चांगला, पण तोंडाला झाकण नाही. ते स्वतः गाडी चालवतात आणि दर बुधवारी मला म्हाताऱ्यांच्या केंद्रात घेऊन जातात. तिथे कॉफी फुकट आणि व्याख्यान असतं. मला इंग्रजी कळत नाही म्हटलं तर म्हणाले, "तुम्ही कशाला चिंता करून राहिले भानुदासराव? मी आहे ना तुमचा रेडिओ."

आणि हा रेडिओ खरंच माझ्या कानाशी सुरू असतो. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघतात.

या हिवाळ्यात व्याख्यानं कुणाबद्दल आहेत सांगू? खलाशांबद्दल! समुद्रावरच्या लोकांची तब्येत पूर्वी कशी सांभाळायचे, यावर. बोलणाऱ्या बाई डॉक्टर हेलन. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, तरुणपणी जहाजावर डॉक्टर होत्या. त्यांचे आजोबा इथल्या मोठ्या तलावांत लोखंडाची माती वाहणाऱ्या बोटींवर होते. त्या सांगत होत्या, हा देश नवा नवा झाला होता तेव्हाच इथे कायदा झाला, की प्रत्येक खलाशाच्या पगारातून थोडं कापायचं आणि त्यातून बंदराबंदरांत आजारी खलाशांची सोय करायची. कारण खलाशी आजारी पडतो तिथे त्याचं कुणी नसतं. हे ऐकून मला तू आठवलास. परक्या बंदरात तुला ताप भरला होता आणि तुझी बोट तुला सोडून पुढे गेली होती. दोनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी अशा माणसाची काळजी वाटली, याचं मला फार बरं वाटलं.

आणि एक गंमत. एक इंग्रज कप्तान होता. त्यानं जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपं भरून घेतली, लोक आजारी पडू नयेत म्हणून. खलाशी तोंड लावेनात. त्यानं जबरदस्ती केली नाही. रोज तो कोबी फक्त साहेब लोकांच्या टेबलावर वाढायला लावला आणि बाकीच्यांना म्हणाला, ज्याला हवा त्यानं घ्या. थोड्याच दिवसांत सगळे कोबी मागायला लागले! गुरुनाथराव इतक्या मोठ्यानं हसले की हेलनबाई बोलायच्या थांबल्या. "आमच्या ऑफिसातपण असंच होतं," म्हणाले, "साहेबानं खाल्लं की सगळ्यांना भूक."

मला अशा माणसांचं कौतुक वाटतं, त्र्यंबक. माणसाला न दुखवता वाचवायचं म्हणजे डोकं लागतं.

आता मुद्द्यावर येतो.

माझ्या हिरड्यांतून रक्त येतं. दिवाळीच्या आसपास सुरू झालं. पायांवर निळे-काळे डाग पडलेत, कुठे आपटलेलं नसताना. अंगात बळ नाही, जिना चढताना मध्ये बसावंसं वाटतं. आमच्या थोरल्या दादाला असंच झालं होतं, हिरड्या आणि डाग, आणि तो रक्ताचा कॅन्सर निघाला. पुढचं तू पाहिलंस. खांदा तूच दिला होतास.

मी कुणाला सांगितलेलं नाही. दात दार लावून घासतो. आतून गरम विजार घालतो म्हणून पाय दिसत नाहीत. उपासना मोकळी होईपर्यंत हे घराबाहेर जाता कामा नये, आणि घरात तर मुळीच येता कामा नये. एकदा तिचं सुखरूप झालं की सांगेन. नातवंड एकदा मांडीवर घेऊ दे, मग जे व्हायचं ते होवो.

पण तोवर टिकलो नाही तर? म्हणून तुला लिहितो. प्रितम मला गावी न्यायचं म्हणेल. तू त्याला सांग, इथेच उरकायचं. बाळंतिणीला टाकून तो एवढ्या लांब आला तर मला चैन पडायचं नाही. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

खाण्यापिण्याचं विचारशील तर पथ्य काटेकोर चालू आहे. त्यात मी कसूर करत नाही.

वहिनींना नमस्कार. पत्र फाडून चुलीत घाल.

तुझा, भरवसा ठेवून असलेला,
भानुदास


ईडन प्रेरी
दि. १९ फेब्रुवारी २०२५

प्रिय त्र्यंबक,

सप्रेम जय भीम.

तुझं "पोचलं" पोचलं. पण अरे, असा निरोप पाठवतात का? प्रितमनं फोन स्पीकरवर ठेवला होता, उपासना शेजारी बसली होती, आणि तुझी सून म्हणते, "काका, आमचे बाबा म्हणतात पत्र मिळालं, आणि म्हणतात तुम्ही गाढव आहात." प्रितम हसून हसून वाकला. "बाबा, काय लिहिलंत एवढं?" मी म्हटलं, "जुना हिशेब आहे आमचा."

तू रागावणार हे ठाऊक होतं. डॉक्टरकडे जा म्हणशील. इथे डॉक्टरकडे जायचं म्हणजे प्रितमनं न्यायचं, त्यानं भाषा सांगायची, सगळं त्याच्याच कानावरून जाणार. ते नको.

पण या पत्रात दुसरंच सांगायचंय. आधी एक चांगलं झालं, मग ते गेलं.

गेल्या महिन्याच्या शेवटी हेलनबाई खलाशांच्या एका रोगाबद्दल बोलल्या. स्कर्व्ही म्हणतात त्याला. महिनोन्‌महिने ताजं खाणं नाही, नुसती सुकी बिस्किटं आणि खारवलेलं मांस, की तो रोग यायचा. लढाईत मरत नसत इतके खलाशी त्यानं मरत. लक्षणं सांगायला लागल्या. गुरुनाथराव जांभई देत देत मला सांगत होते, "हिरड्या सुजतात, रक्त येतं. पायावर डाग. माणूस थकून जातो. सांधे दुखतात. भरलेली जुनी जखम परत उघडते म्हणे, बाप्पा! अन् घराच्या आठवणीनं लहान पोरासारखे रडायचे."

त्र्यंबक, माझ्या हातातला कॉफीचा कप मी खाली ठेवला. डेपोत असताना माझ्या पोटरीत पत्रा शिरला होता, आठवतो? एस.टी.च्या गाडीचा. त्याचा वण गेला महिनाभर लाल झालाय, चिघळतोय. आणि दुकानात चिंचेचं पाकीट बघून मला परवा रडू फुटलं. मी म्हटलं डोळ्यांत थंडी गेली. गुरुनाथराव माझ्याकडे न बघता मलाच वाचून दाखवत होते.

मग हेलनबाईंनी सांगितली ती गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. एका जहाजावर एक तरुण डॉक्टर होता. रोगी बारा होते. आजवर जो तो म्हणायचा माझंच औषध खरं. यानं काय केलं, बाराजणांना एकाच जागी ठेवलं, जेवण सगळ्यांना एकच दिलं, आणि दोघादोघांना वेगळं औषध दिलं. कुणाला सफरचंदाची दारू, कुणाला व्हिनेगर, कुणाला तेजाबाचे थेंब, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला लसूण-मोहरीची गोळी. आणि दोघांना संत्री आणि लिंबू. संत्री-लिंबं आठवड्याच्या आतच संपली, पण तेवढ्यात ते दोघे उठून बसले! एक तर कामावर गेला. दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करायला लागला.

काय साधी गोष्ट! शेजारी शेजारी ठेवायचं आणि बघायचं. आम्ही डेपोत असंच करायचो की, कुठला पार्ट बिघडला ते कळत नसेल तर एकेक बदलून बघायचं. पण माणसाच्या बाबतीत हे सुचायला आधी "मला माहीत नाही" असं म्हणावं लागतं. मोठमोठे डॉक्टर ते म्हणायला तयार नव्हते. हा म्हणाला. आणि तरी आरमारानं सगळ्या जहाजांवर लिंबाचा रस द्यायला पुढे चाळीस-पन्नास वर्षं लावली.

व्याख्यान संपलं तेव्हा मला पंख फुटल्यासारखं झालं होतं. माझं खाणं आठव. प्रितमच्या आईनं, राधानं, वैद्यांकडून आणलेलं सांधेदुखीचं पथ्य. आंबट बंद: लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, दही. वातूळ बंद: बटाटा, कोबी, फ्लॉवर. कच्चं आणि थंड बंद: काकडी, कोशिंबीर, सगळी फळं. उरलं काय? मुगाची खिचडी, तूप, दुधी गाळ होईपर्यंत शिजवून, चहा आणि टोस्ट. उपासना वेगळं करून देऊ का म्हणते, पण तिला त्रास नको म्हणून माझं मीच करून घेतो. घरात राहून मी जहाजावर राहत होतो, त्र्यंबक.

कुणाला न सांगता आपणच औषध करावं असं ठरवलं. फ्रिजमध्ये लिंबं होतीच. पण थंड, कच्चं लिंबू एकदम घेतलं तर सांधे धरतील, भर थंडीत खोकला होईल, आणि घरात गरोदर बाई. म्हणून रस काढून गूळ आणि जिरं घालून चांगला आटवला. मध्यम आचेवर, काकवीसारखा दाट होईपर्यंत. आटवलं की आंबटपणाचा दोष जातो. बरणीत भरून खिडकीत ठेवला आणि रोज सकाळी एक चमचा घ्यायला लागलो. उपासना म्हणाली, "बाबा, लिंबं कुठे जातायत? डोहाळे मला लागलेत की तुम्हाला?" मी हसलो. किती दिवसांनी हसलो.

पंधरवडा होऊन गेला. काही फरक नाही. उलट खालचा एक दात हलतो आणि गुडघ्यामागे नवा डाग आलाय, तळहाताएवढा. त्या जहाजावरचे दोघे आठवड्यात उठले होते.

म्हणजे तो रोग नव्हे. दादाचाच आहे. आशा लागली नसती तर बरं होतं. आधी मी तयारीत होतो, आता परत तयारी करावी लागेल.

पहिल्या पत्रातलं प्रितमला सांगायचं ते विसरू नकोस. उपासनेला महिना उरलाय. तेवढा काढेन. काढायचाच आहे.

तुझा, वाट बघणारा,
भानुदास


ईडन प्रेरी
दि. ३० मार्च २०२५

प्रिय त्र्यंबक,

सप्रेम जय भीम.

हे पत्र सुनेला खुशाल वाचू दे. अंगणात उभं राहून वाचलं तरी चालेल.

क्रमानं लिहितो, नाहीतर माझा गोंधळ होतो.

मागचं पत्र पेटीत टाकलं त्याच्या पुढच्या बुधवारी मी जाणार नव्हतो. पाय उचलत नव्हता. गुरुनाथराव दारात येऊन हॉर्न वाजवत बसले. बाजूच्या घरातली बाई खिडकीत आली म्हणून लाजेनं गेलो.

हेलनबाईंनी त्याच डॉक्टरचं पुढचं सांगायला घेतलं. त्याचं कौतुक करून झाल्यावर म्हणाल्या, आता त्याची चूक ऐका. संत्री-लिंबं जहाजावर टिकत नाहीत, म्हणून त्यानं युक्ती काढली. रस मंद आचेवर तासन्‌तास आटवायचा, दाट पाक करायचा आणि बाटल्यांत भरायचा. बाटल्या वर्षानुवर्षं टिकतात. पण आटवताना रसातलं जे औषध होतं तेच बरंचसं मरून जायचं. लोक पाक प्यायचे आणि बरे होत नसत. मग म्हणायचे, लिंबात काही दम नाही. ज्यानं औषध शोधून काढलं त्यानंच ते आटवून घालवलं.

गुरुनाथराव हे सांगत असताना मी त्यांची बाही धरली. "विचारा त्यांना," म्हटलं, "गूळ घातला तरी जातं का?"

"कशातला गूळ?"

"पाकात. आटवताना."

"अहो, कोण पाक आटवून राहिलं?"

माझा हात आपोआप पोटरीवर गेला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. तो माणूस गप्प झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मग हळूच म्हणाले, "भानुदासराव, विजार वर करा."

"इथे? बायका आहेत."

"वर करा म्हणतो ना."

केली. त्यांनी पाहिलं, आणि तिथूनच हाक मारली, "डॉक्टर हेलन! प्लीज!" सगळं केंद्र माझ्या पायांकडे बघायला लागलं. हेलनबाई काठी टेकत आल्या, त्या वयात खाली गुडघ्यावर बसल्या, माझी पोटरी हातात घेतली. मी पाय मागे घेत होतो, त्या सोडेनात. तोंड उघडायला लावलं. मग मी काय काय खातो ते विचारलं आणि गुरुनाथरावांनी एकेक पदार्थ सांगितला तशा त्या मान डोलवत गेल्या. शेवटी गुरुनाथरावांना काहीतरी म्हणाल्या. ते म्हणाले, "त्या म्हणतात, इतकी वर्षं शिकवलं, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. आजच दवाखान्यात जा म्हणतात."

गाडीत मी हात जोडले. "घरी सांगू नका. तिचे दिवस भरत आलेत."

"मुलाला तुम्ही सांगता की मी सांगू? मी सांगितलं तर साऱ्या मिनेसोटाला समजेल, मग म्हणू नका."

मीच सांगितलं. दोघांनाही एकदमच, कारण प्रितमला बाजूला बोलावलं तर उपासनेला संशय आला असता. प्रितम उभाच राहिला. "दिवाळीपासून? बाबा, सीरियसली? मी रोज तुम्हाला विचारतो, बरं आहे ना, आणि तुम्ही हो म्हणता!" मी म्हटलं, "तुझ्या ऑफिसचं..." तर म्हणाला, "माझं ऑफिस तुमच्या हिरड्यांपेक्षा मोठं आहे का?" आणि डोळे पुसत गाडीची किल्ली शोधायला गेला. ती त्याच्या हातातच होती.

उपासना रडेल असं वाटलं होतं. ती रागावली. "बाबा, मला काचेचं भांडं समजलात का तुम्ही? तुम्ही अंधारात दात घासत होतात आणि मी इथे सोफ्यावर बसून मालिका बघत होते. बाळाला काय सांगणार होते मी, आजोबा कुठे गेले?"

दवाखान्यातली डॉक्टर पोरसवदा होती. रक्त तपासून रिपोर्ट येईपर्यंत मी प्रितमचा हात सोडला नाही. कॅन्सर नाही, त्र्यंबक. नाही. तोच, जहाजावरचा. तिनं आजवर फक्त पुस्तकात वाचला होता. मला विचारून तिनं आणखी तीन-चार शिकाऊ डॉक्टर आणले आणि त्यांनी ओळीनं माझ्या हिरड्या पाहिल्या, जसे लोक लेणी बघतात. मी म्हटलं, बघा, नीट बघा. पुढचा कुणी म्हातारा आला तर लगेच ओळखाल.

गोळ्या दिल्या आणि संत्रं खायला सांगितलं. कच्चं, तसंच, सोलून. पहिली फोड खाल्ली तेव्हा हिरड्या झोंबल्या. दुसरी खाल्ली. थोड्याच दिवसांत रक्त थांबलं. डाग पिवळे पडले, मग गेले. सांधेसुद्धा, ज्यांच्यासाठी एवढं पथ्य केलं, ते आता जिना चढू देतात. अलीकडे ते त्याच रोगानं दुखत होते. दुखायला लागले की मी पथ्य आणखी कडक करत होतो.

खरं म्हणजे वैद्यांनी ते पथ्य फक्त त्या पावसाळ्यापुरतं सांगितलं होतं. मला नेमकं आठवतंय. राधानं ते लावून घेतलं. ताटात काय पडतंय, डब्यात काय जातंय, सगळं तीच बघायची. आणि पथ्य संपलं की ती सांगणार होती, "आता पुरे, आज आंबट वरण करते." पावसाळा संपायच्या आधी ती गेली. मला "आता पुरे" म्हणायला कुणी उरलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. ती गेल्यावर ताटाला चव नसणंच मला बरं वाटत होतं. तिनं लावलेलं काहीतरी अजून चालू आहे, असं वाटायचं. हे मी तुला दोन पत्रांत लिहिलं नाही, कारण मला स्वतःलाच ते कळलेलं नव्हतं.

आता बातमी. अठरा तारखेला मुलगी झाली. उपासना सुखरूप आहे. पोर पहिल्याच दिवशी इतकं ओरडलं की तुलाही ऐकू आलं असतं. मी मांडीवर घेतली. तिनं माझी करंगळी धरली, सोडेना. नाव अहिल्या ठेवायचं म्हणतात. प्रितमची नोकरी तूर्त आहे. तूर्त हा शब्द तो वापरतो, म्हणून मीही वापरतो.

आणि कालचीच गोष्ट. उपासनेची आई अमरावतीला आहे, व्हिसा मिळाला नाही म्हणून येता आलं नाही. बिचारी रोज व्हिडिओवर लेकीला बाळंतिणीचं पथ्य सांगते. काल सांगत होती, "आंबट अजिबात नको हं. फळं नको, थंड असतात. कच्चं काही नको. नुसता भात, तूप, बाजरीची भाकर." उपासना बिचारी "हो आई, हो आई" करत होती. प्रितम मान खाली घालून लॅपटॉपमध्ये.

तुला माहीत आहे, मी विहीणबाईंसमोर कधी मोठ्यानं बोललो नाही. लग्नातसुद्धा नाही. काल मी उठलो, टोपलीतलं संत्रं घेतलं, सोलत सोलत त्या फोनसमोर जाऊन बसलो.

"विहीणबाई, जय भीम. हे मी तिला देतोय."

"अहो भाऊ, बाळंतीण आहे ती! बाळाला खोकला होईल."

"तुमची बाजरी चालू राहील, तूप चालू राहील. डॉक्टरांनाही मी विचारलंय. पण तिचं पथ्य किती दिवस, ते आज सांगा."

"किती दिवस म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या दिवशी सुटायचं. आपण सांगितलं नाही तर ही पोर पाळतच बसेल. आपल्या शब्दाबाहेर जाणारी नाही ती."

त्यांनी मान फिरवली. मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईनं मला कधी सांगितलंच नाही हो, कधी सुटायचं ते. मी अजून थंड पाणी पीत नाही." आणि हसायला लागल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावला. उपासनेनं माझ्या हातातलं संत्रं घेतलं, एक फोड तोंडात टाकली, आणि डोळे मिटून बसली. विहीणबाई इकडे बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनीच म्हटलं, "अजून एक घे."

त्र्यंबक, मी एवढी पत्रं लिहिली, भीती लिहिली, पण तुला सगळ्यात महत्त्वाचं विचारलंच नाही. राधा गेली तेव्हा तूही माझ्याबरोबर बसला होतास. नंतर बोलायचं राहिलं. तू जेवतोस का नीट? वहिनी काय करते, तू काय टाळतोस, तुला काही दुखतं का, ते लिही. सुनेकडून निरोप नको, स्वतःच्या हातानं लिही. अक्षर कसंही असू दे. मला तुझं अक्षर लागतं.

तुझ्या पत्राची घाई असलेला,
तुझा
भानुदास